अशोकाचे डोहाळे

ज्या वर्षी नागपूरच्या उन्हाने पन्नाशी ओलांडली, त्या वर्षापासून शहरात शीतवनं उभी राहू लागली. शीतवन म्हणजे काचेचं एक अवाढव्य घर, आत दाटीवाटीने लावलेली झाडं आणि त्या झाडांनी सोडलेल्या बाष्पावर गार राहणारी हवा. डॉ. प्रणोती लांजेवार यांची वनस्पती-प्रयोगशाळा अशाच एका शीतवनात होती. त्यामुळे आपल्याला भेटायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक विज्ञानासाठी नव्हे, तर नुसते गार व्हायला येतात असा त्यांचा पक्का समज होता, आणि तो बराचसा खराही होता.

त्यांच्या जुन्या ओळखीची मृण्मयी गजभिये मात्र कामाने आली होती. ती देहनाट्य करायची. देहनाट्याला संहिता नसते, नेपथ्य नसतं; कलावंताचं शरीर आणि समोर बसलेल्यांची शरीरं एवढंच भांडवल. मागच्या हिवाळ्यात ती इतवारीच्या बाजारात शतावरीच्या मुळ्यांचा ढीग घेऊन दिवसभर सोलत बसली होती आणि थांबणाऱ्या प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारत होती, "तुमच्या अंगाबद्दलचा शेवटचा निर्णय कुणी घेतला?" रहदारीला अडथळा म्हणून तिला दोनदा उठवण्यात आलं आणि दोन्ही वेळा बाजारातल्या बायकांनीच तिला पुन्हा आणून बसवलं. पाळीत, बाळंतपणात, हव्या आणि नको असलेल्या गर्भाच्या वेळी बायकांच्या कामी आलेली झाडं गोळा करायची आणि त्या झाडांकडून बायकांची गोष्ट सांगून घ्यायची, असा तिचा ध्यास होता. शतावरी झाली होती, जास्वंद झाली होती. आता तिला अशोक हवा होता.

"हाच का तो?" कुंडीकडे बघत तिने विचारलं. गुडघ्याएवढं बुटकं सीता-अशोकाचं झाड होतं. फांद्यांना चिकटून मिटलेल्या कळ्यांचे घोस होते.

"हाच. जुने कवी म्हणायचे, तरुणीचं पाऊल लागलं की अशोक फुलतो. त्याला ते झाडाचे डोहाळे म्हणायचे. मी पावलाच्या जागी हात आणला आणि तरुणीच्या जागी गरोदर बाई."

"म्हणजे तिने हात ठेवला की फुलं येतात?"

"येत नाहीत, उमलतात. कळ्या आधीच तयार करून थांबवून ठेवलेल्या असतात." प्रणोतींनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा पुसल्याशिवाय त्यांना समजावून सांगता येत नसे. "असं बघ, गर्भ हा आईच्या शरीराला अर्धा परका असतो. त्याची निम्मी गुणसूत्रं बापाची. आणि परकं दिसलं की हाकलून द्यायचं, हा तर शरीराचा नियम. मग नऊ महिने ते गर्भाला ठेवून का घेतं? कारण ते एक प्रथिन तयार करतं. मी त्याला अतिथिप्रथिन म्हणते. शरीरातल्या पहारेकऱ्यांना दिलेला निरोप म्हण हवं तर, की हा पाहुणा आहे, याला हात लावू नका. त्याचा थोडा अंश घामात उतरतो. या झाडाच्या पानातल्या पेशी तो ओळखतात आणि कळ्या सोडून देतात. गरोदर बाई असेल तर तिचा चहा पिऊन होईपर्यंत झाड लाल."

"आणि ते मंडळाला कळत नाही?"

"झाड कुणाला कळवणार?"

मृण्मयी हसली. त्या काळात गर्भ तपासायचं प्रत्येक यंत्र मातृकल्याण मंडळाशी जोडलेलं असे. यंत्र आधी मंडळाला सांगायचं आणि मग बाईला. हेतू चांगला होता. हेतू नेहमीच चांगला असतो. पण आपल्या पोटातली बातमी आपल्याला दुसऱ्या क्रमांकाने कळावी, हे बायकांना काही केल्या पटत नव्हतं.

"मला अशा कुंड्या हव्यात," मृण्मयी म्हणाली.

"माझी झाडं नाटकात काम करणार?"

"काम बायका करतील. झाडांनी फक्त त्यांच्या मांडीवर बसायचं."

*

बेबीताई धोटे मृण्मयीला भंडाऱ्याकडच्या एका गावात भेटल्या होत्या. सत्तरी उलटलेली, ताठ कण्याची, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडचं कुत्रं कान टवकारेल. पंचक्रोशीतली डोहाळ्यांची सगळी गाणी त्यांना येत. पण त्यांची स्वतःची कूस कधी उजवली नाही, म्हणून गावाने त्यांना वांझ ठरवलं होतं. डोहाळजेवणाला त्यांना बोलावलं जाई, कारण त्यांच्याशिवाय गाणार कोण? आणि मग दाराआड बसवलं जाई, कारण गरोदर पोरीवर त्यांची सावली पडायला नको. गाणं चालायचं, बाई चालायची नाही. चाळीसेक वर्षं बेबीताई अशा दाराआडून गायल्या होत्या.

मृण्मयीने त्यांना मधोमध बसवलं. तिच्या नाट्याचा नियम साधा होता: कुंडी ओटीत घ्यायची, तळहात पानांवर ठेवायचा आणि गाणं संपेपर्यंत हात उचलायचा नाही. गाणं नऊ महिन्यांचं, प्रत्येक महिन्याची चांगली लांबलचक कडवी. तालमीला पहिल्या दिवशी बेबीताई एकट्याच होत्या. मृण्मयी समोर बसून ऐकत होती आणि प्रणोती आपल्या झाडांची काळजी वाटून उगाच आसपास घोटाळत होत्या.

"पयल्या मासी वं बाई, अन्न लागे कडू कडू,
माय म्हने नोको रडू, येईन पाहुनं..."

नववा महिना लागता लागता बेबीताईंच्या मांडीवरच्या झाडाच्या कळ्या फुटल्या. आधी केशरी, मग बघता बघता लाल.

बेबीताईंनी दचकून हात काढला. "मी काई नाई केलं वं बाई! मोडलं काय म्या तुमचं झाड?"

"नाही हो, ताई. झाडच बिघडलेलं दिसतंय," प्रणोती म्हणाल्या. "ते फक्त गरोदर बाईच्या हाताने फुलतं. तुम्ही मनावर घेऊ नका."

पण बेबीताईंनी मनावर घेतलं होतं. त्या फुलांकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दोन डाव मायी पाळी चुकली होती. दोनी डाव दोन-अडीच महिन्यांनं अंगावरून गेलं. सासू म्हने, काई नव्हतं, सोंग घेते. नवराई तेच म्हने. मंग मलेई वाटाले लागलं का सोंगच असंन."

त्या संध्याकाळी प्रणोतींनी घरी जायचं रद्द केलं.

पुढचे काही आठवडे त्यांनी ओळखीपाळखीच्या बायकांना बोलावून पानांवर हात ठेवायला लावला. याआधी प्रयोगशाळेत पानावर नुसता घामाचा थेंब टाकत असत, आणि थेंब लगेच सुकतो. तळहात सुकत नाही. बेबीताईंचं गाणं ध्वनिमुद्रित करून लावायचं आणि ते संपलं की चाचणी संपली, असं माप त्यांनी ठरवलं. ज्यांना मुलं झाली होती, अगदी तीस वर्षांपूर्वी झाली होती, त्यांची झाडं गाणं संपायच्या आत फुलली. वसतिगृहातल्या अविवाहित मुलींची फुलली नाहीत. दोन मुलांच्या एका आईचं झाड मात्र ढिम्म राहिलं. पण त्या कुंडीला मावा लागलेला दिसत होता, म्हणून प्रणोतींनी ती बाजूला काढली.

"माझंच चुकलं होतं," त्यांनी मृण्मयीला सांगितलं. "मला वाटलं, बाळ जन्माला आलं की पाहुणा गेला. पण गर्भाच्या काही पेशी नाळेतून आईच्या रक्तात जातात आणि तिथेच राहतात. हाडांत, काळजात, कुठेही. गर्भ दोन महिन्यांचा असो की नऊ, जन्मो की न जन्मो, या पाहुण्या पेशी घर सोडत नाहीत. म्हणून शरीर थोडं थोडं अतिथिप्रथिन जन्मभर करत राहतं. थोडं असतं, म्हणून झाडाला वेळ लागतो, एवढंच."

"म्हणजे बेबीताई खरं बोलत होत्या."

"बेबीताई खरं बोलत होत्या."

हे त्यांना सांगितलं तेव्हा बेबीताई लहान पोरीसारख्या ढसाढसा रडल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "म्हन्जे हायेत अजून?" प्रणोतींनी हो म्हटलं. बेबीताईंनी दोन्ही हात आपल्या पोटावर ठेवले आणि बराच वेळ काढले नाहीत.

मृण्मयी त्यांना बसस्टँडवर पोचवून परत आली, पण घरी गेली नाही. शीतवनाच्या पायरीवर बसली.

"मॅडम, माझंही फुलेल ना?"

प्रणोती तिच्या शेजारी टेकल्या. मृण्मयी बावीस वर्षांची असताना, मंडळाची यंत्रं यायच्या आधी, दवाखान्यात तिच्यासोबत कोण होतं, हे जगात दोघींनाच माहीत होतं. आई लहानपणीच गेलेली. वडील मिलिंद गजभिये, भंडाऱ्याचे शाळामास्तर. त्यांनी एकट्याने तिला वाढवलं, वेणी घालायला शिकले, पाळी आली तेव्हा पुस्तक आणून समजावलं. त्यांना तिने सगळं सांगितलं होतं, हे एक सोडून.

"हो. फुलेल," प्रणोती म्हणाल्या.

"ती चूक नव्हती. निर्णय होता, आणि आजही तोच घेईन. पण तो माझा आहे. तो बाबांना कधी सांगायचा, सांगायचा की नाही, हेही माझंच आहे. झाडाने का सांगावं?"

प्रणोतींनी काचेतून आतल्या कुंड्यांकडे पाहिलं. झाड तर त्यांनीच बनवलं होतं.

*

अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. बेबीताईंनी गावात जाऊन सांगितलं, ते साहजिकच होतं. चाळीस वर्षांचं उट्टं काढायचं होतं. गावाने शहरात सांगितलं. महिन्याभरात शीतवनाच्या दाराशी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन उभा राहिला. "मुलासाठी स्थळं बघतोय," तो म्हणाला. "एखादी कुंडी मिळाली तर बरं. मुलगी बघायला जाताना घेऊन जाऊ. आमचा अविश्वास आहे असं नाही, पण खात्री असलेली बरी." प्रणोतींनी त्याला पेढ्यांसकट बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तिघे आले.

त्यानंतर मंडळाचे डॉ. ऋत्विज पांढरीपांडे आले. आडनावाला शोभेल असा पांढराशुभ्र सदरा, वागणं सौम्य आणि माणूस मनाने खरोखर चांगला. अडचण तीच होती.

"लांजेवार मॅडम, बायका मागचे गर्भ डॉक्टरांपासून लपवतात. पडलेले, पाडलेले. मग पुढच्या बाळंतपणात आम्ही अंधारात चाचपडतो आणि बाई हातची जाते. मी अशा किती पाहिल्यात. तुमचं झाड खोटं बोलत नाही. मंडळाचं म्हणणं आहे की प्रत्येक विवाह नोंदणी कार्यालयात एक कुंडी असावी. मुलीने हात ठेवायचा, गर्भेतिहासाचा दाखला घ्यायचा. एकदाच काय ते."

"आणि बाई का लपवते, ते कुठल्या झाडाला विचारणार?"

"तो समाजशास्त्राचा विषय झाला."

"नाही डॉक्टर, तुमच्याच विषयातला आहे तो. खरं सांगितल्यावर काय होतं, हे तिने कुणाच्या तरी घरात पाहिलेलं असतं."

 पांढरीपांडेंनी कागद चाळले. "चाचण्या चांगल्या आहेत. पुरुषावर मात्र एकही घेतलेली दिसत नाही."

"पुरुषाच्या पोटात पाहुणा कुठून येणार?"

यावर दोघेही हसले. त्या हसण्याबद्दल प्रणोती पुढे आयुष्यभर स्वतःला टोमणे मारणार होत्या.

"तरी नियमाप्रमाणे एक हवाच. मीच बसतो," पांढरीपांडे म्हणाले. "जाहीर चाचणी घेऊ. एका रांगेत आया, दुसऱ्या रांगेत अविवाहित मुली, आणि नकाराचा नमुना म्हणून मी."

मृण्मयीला हे कळलं तेव्हा तिने दोन अटी घातल्या. चाचणी तिच्या देहनाट्याच्या रीतीने होईल: बेबीताई गातील आणि गाणं संपेपर्यंत कुणी हात उचलणार नाही. दुसरी अट म्हणजे मुलींच्या रांगेत ती स्वतः बसेल.

"अगं, कशाला हात दाखवून अवलक्षण?" प्रणोती कळवळून म्हणाल्या.

"मी हे झाड मांडीवर घ्यायला निघालेली बाई. मीच बसले नाही तर तेही उत्तरच झालं. आणि उद्या त्या कार्यालयात कुणीतरी पहिली असणारच आहे. ती एकटी पडण्यापेक्षा मी पडते. फूल उमललं की मी उठून सांगेन, होय, माझा निर्णय होता. एकीने सांगितलं की दुसरीला सोपं जातं."

"आणि बाबा?"

मृण्मयीने त्यांना फोनवरचा निरोप दाखवला. बाबांनी आधीच कळवलं होतं की पोरीचा कार्यक्रम आहे, ते पहिल्या गाडीने येताहेत.

*

सकाळची वेळ होती. शीतवनाच्या काचांवर ऊन तापायला लागलं होतं, आत मात्र ओल्या मातीचा गारवा होता. मंडळाची माणसं, वार्ताहर, बेबीताईंच्या गावातून आलेल्या बायका, आणि पुढच्या रांगेत मांडीवर पिशवी धरून बसलेले गजभिये सर. एका बाजूला आयांची ओळ, समोर मुलींची. मधल्या खुर्चीवर पांढरीपांडे, मांडीवर कुंडी घेऊन जरासे अवघडलेले. गावच्या बायका त्यांच्याकडे बघून पदराआड हसत होत्या.

बेबीताईंनी स्वतःसाठी कुंडी घेतली नाही. "मायं झालं पाहून," त्या म्हणाल्या आणि गायला लागल्या.

पहिला महिना गेला, दुसरा गेला. चिंचा झाल्या, बोरं झाली, माहेरचा निरोप आला. पाचव्या-सहाव्या महिन्यात आयांच्या रांगेत पहिलं झाड फुललं, मग दुसरं, मग चार-पाच एकदम. सातव्यात बहुतेक सगळी ओळ लाल झाली. फक्त इंदुताई नावाच्या, तीन मुलांच्या आईची कुंडी हिरवीच राहिली. ती बिचारी खाली मान घालून बसली, जणू तिची मुलं तिने कुठून चोरून आणली होती.

आठव्या महिन्यात मृण्मयीच्या कळ्या फुटल्या.

तिच्या दोन्ही बाजूंच्या मुलींची झाडं हिरवीगार होती. मधोमध तिच्या ओटीत तो लाल घोस.  वार्ताहरांनी कॅमेरे वळवले. पांढरीपांडेंनी, त्यांना श्रेय द्यायला हवं, नजर खाली घातली. गजभिये सर आपल्या मुलीकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"नवव्या मासी वं बाई, दारी दिवा जपून ठेवा,
अंगन सारवून ठेवा, आलं पाहुनं..."

गाणं इथे संपतं. हे सगळ्या बायकांना माहीत होतं. आता मृण्मयीने उठायचं होतं, बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं. समोर बाबा होते. ठरवलेलं सगळं वाक्य कुठेतरी सांडून गेलं. आजवर कुठल्याही बाजारात, कुठल्याही गर्दीत ती घाबरली नव्हती. आता तिला भयंकर एकटं वाटलं.

बेबीताईंनी ते पाहिलं. त्या रांगेत एकटंच लाल झाड घेऊन बसणं म्हणजे काय असतं, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. पोर सावरेपर्यंत तरी गाणं संपू द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी श्वास घेतला आणि दहावा महिना सुरू केला.

"धाव्या मासी वं बाई, पाहुनं बसलं रुसून,
म्हने बाहेर कोन हासून, बोलंन मले?"

गावच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दहावा महिना? असं कुठलं कडवंच नव्हतं. कुणीतरी खुदकन हसलं, पण नियम तो नियम. गाणं चालू होतं, त्यामुळे हात कुणालाच उचलता येईना.

"अकराव्या मासी वं बाई, पाहुनं पुसे दारातून,
येऊ का नोको घरातून, सांग वं माय..."

बेबीताई जागच्या जागी रचत होत्या. पाहुणं बाराव्यात बाहेरच्या उन्हाला नावं ठेवत होतं, तेराव्यात आजीला साखर मागत होतं. लोक आता मोकळेपणाने हसायला लागले होते, आणि त्या हसण्यात मधल्या खुर्चीकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"मॅडम," पांढरीपांडे घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मॅडम, जरा इकडे या."

त्यांच्या मांडीवरचं झाड फुललं होतं.

प्रणोती धावत आल्या. पण पोचायच्या आधीच मुलींच्या रांगेतून किंकाळी आली. एका मुलीच्या कळ्या सुटल्या होत्या. तिच्या मागोमाग पलीकडची, मग टोकाची. एकोणीस-वीस वर्षांच्या त्या पोरी भेदरून एकमेकींकडे बघत होत्या. एक रडायला लागली, "आईशप्पथ मॅडम, मी कधीच..." हळूहळू सगळी ओळ लाल झाली. सर्वांत शेवटी, बेबीताईंचा चौदावा महिना चालू असताना, इंदुताईंचं झाड फुललं.

प्रणोतींनी चष्मा काढला, पण पुसला नाही.  मग कपाळावर हात मारून घेतला.

"आपण गाणं संपलं की थांबत होतो," त्या म्हणाल्या.

"पण मी पुरुष आहे!" पांढरीपांडे म्हणाले.

"तुम्हाला जन्म कुणी दिला, डॉक्टर?"

"म्हणजे?"

"नाळ म्हणजे काही एकदिशा रस्ता नाही. बाळाच्या पेशी आईत जातात, तशा आईच्या बाळात येतात. आणि त्याही तिथेच राहतात, जन्मभर. आपल्या शरीराला आपली आईसुद्धा अर्धी परकीच असते. तिला सांभाळायला ते अतिथिप्रथिन करतं." त्या मुलींच्या रांगेकडे वळल्या. "बाई समोर आली की आपल्याला तिच्यात आई दिसली. ती कुणाची तरी मुलगी आहे, हे तुम्हीही विसरलात आणि मीही. पोटात पाहुणा ठेवून घेतलेल्या बायका शोधत होतो. स्वतः पाहुणा म्हणून आला नाही असा माणूस कुठे आहे?"

पांढरीपांडेंनी मांडीवरची कुंडी खाली ठेवली. पण ते डॉक्टर होते, सहजासहजी हार मानणारे नव्हते. "ठीक आहे. पण आईच्या पेशी कमी असणार. त्यांना वेळ जास्त लागतो. मग गाण्यातल्या नऊ महिन्यांनंतर फुललेली झाडं सोडून द्यायची."

"सोडा. मग इंदुताईंना तिन्ही मुलं झालीच नाहीत असं लिहा. त्यांच्या किती आधी तुमचं झाड फुललं, ते सगळ्यांनी पाहिलंय. अहो, एखाद्या घरी एका पाहुण्यासाठी पंगत बसते आणि एखाद्या घरी दहा जणांची पाण्यावर बोळवण होते. किती पाहुणे आहेत ते पंगतीवरून कसं ओळखणार? कुणाच्या अंगात किती प्रथिन होईल, त्याला काही माप नाही. मीही एक ढिम्म राहिलेली कुंडी मावा लागला म्हणून बाजूला काढली होती. मावा नव्हताच त्या झाडाला."

"म्हणजे दाखला..."

"द्या की. वेळेच्या हिशेबाने इंदुताईंच्या आधी तुमचाच लिहावा लागेल."

गावच्या बायका आता पदर बाजूला टाकून हसल्या. पांढरीपांडेंचे कान लाल झाले, पण तेही हसले. "आई नेहमी म्हणते, तुझ्यात मी आहे म्हणून तू धड आहेस. मला वाटायचं, बोलायची पद्धत." मग ते मंडळाच्या माणसांकडे वळले आणि म्हणाले की दाखल्याच्या कामासाठी हे झाड पूर्णपणे निरुपयोगी आहे, असं ते आजच लेखी देतील. आपल्या आयुष्यभराच्या कामाला कुणी निरुपयोगी म्हटल्याचा प्रणोतींना इतका आनंद कधी झाला नव्हता. नंतर कितीतरी वेळ पांढरीपांडे जास्वंदीच्या वाफ्याशी उभे राहून फोनवर बोलत होते, "नाही गं आई, काही नाही झालं. सहज केला."

मृण्मयी अजून बसूनच होती. गजभिये सर तिच्यासमोर येऊन उकिडवे बसले आणि त्यांनी फुलांना हलकेच बोट लावलं.

"ही तुझी आईच असणार," ते म्हणाले. "बघ ना, रांगेत सगळ्यांच्या आधी आली. तिला उशीर म्हणून कधी खपला नाही."

"बाबा," मृण्मयी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "नसेलही."

"मी विचारलं का तुला?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते कधी विचारणार नव्हते. ती सांगेल तेव्हा सांगेल, नाही तर नाही. आणि ते दोघांना कळलं, म्हणून ती एवढ्या लोकांत मनसोक्त रडली.

गर्दी पांगल्यावर प्रणोतींना एक काम उरलं होतं आणि ते त्यांना अजिबात करायचं नव्हतं. बेबीताई पाणी पीत बसल्या होत्या, गाऊन गाऊन घसा बसला होता. प्रणोती त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"ताई, मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं ना, की तुमची दोन लेकरं अजून तुमच्यात आहेत. ते मला तसं सांगता येणार नाही आता. तुमचं झाड कुणामुळे फुललं, ते मला माहीत नाही. तुमच्या आईमुळेही फुललं असेल. मी फार घाईने बोलले. मला माफ करा."

बेबीताईंनी भांडं खाली ठेवलं. त्यांची आई त्यांना आठ वर्षांची ठेवून गेली होती.

"रक्त दिलंत तर शोधून काढता येईल," प्रणोती घाईघाईने म्हणाल्या. "दुसऱ्या यंत्राने. पेशी कुणाच्या आहेत ते नक्की कळेल, आणि ते मी मंडळाला कळवणार नाही. फक्त तुम्हाला सांगेन."

"त्यात माय निंगाली त?"

"तर तुमची आई आहे."

"अन् लेकरं निंगाली त?"

"तर लेकरं आहेत."

बेबीताईंनी विचार केला. काचेबाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. त्यांनी दोन्ही हात उचलून पुन्हा आपल्या पोटावर ठेवले.

"मंग राहू दे वं बाई, तपासू नोको," त्या म्हणाल्या. "एवढ्या सालानं सारे घरी आले. आता त्याईतून कोनाले मी कायले बाहेर काढू?"